बोस्टनचा पैसा, क्योतोची जमीन : नीजिमा जो आणि दोशिशाची उभारणी

एकोणिसाव्या शतकात आशियाच्या निरनिराळ्या भागांत ज्या ख्रिस्ती शिक्षणसंस्था निघाल्या, त्यांपैकी बहुतेकींचा आरंभ बाहेरून आलेल्या मिशनऱ्यांनी केला आणि त्यांचा कारभारही दीर्घकाळ त्यांच्याच हाती राहिला. जपानमधील क्योतो येथे 29 नोव्हेंबर 1875 रोजी सुरू झालेली ‘दोशिशा इंग्रजी शाळा’ या सर्वसाधारण चित्रात बसत नाही. तिच्या खर्चाचा मोठा भार अमेरिकेतील देणगीदारांनी आणि मिशनने उचलला, तिचे बहुतेक आरंभीचे शिक्षक अमेरिकी होते, परंतु तिच्या परवान्यावर आणि जमिनीच्या कागदांवर नावे होती ती जपानी माणसांची. ‘दोशिशा’ म्हणजे एका ध्येयाने एकत्र आलेल्या लोकांची मंडळी. हे नाव त्या काळच्या भागीदारी संस्थांच्या नावांसारखेच होते आणि शाळेचे कायदेशीर रूपही तसेच होते. या मंडळीचे मुख्य पुरुष नीजिमा जो हे दहा वर्षे परदेशात राहून मायदेशी परतलेले गृहस्थ होते. देश सोडताना ते कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार होते आणि ज्या धर्माची शाळा त्यांनी पुढे काढली, तो धर्म त्या वेळी जपानमध्ये निषिद्ध होता. पाश्चात्त्य जगात त्यांना जोसेफ हार्डी नीसिमा या नावाने ओळखतात.

या निषेधाचा इतिहास समजून घेतल्याशिवाय नीजिमा यांच्या कार्याचे मोल ठरवता येत नाही. तोकुगावा घराण्याच्या शासनाने, म्हणजे सम्राटाच्या नावाने प्रत्यक्ष सत्ता चालवणाऱ्या शोगुनांच्या राजवटीने, 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी घातली आणि 1630 च्या दशकात जपानी प्रजेला देशाबाहेर जाण्यास मनाई केली. या मनाईचा भंग करणाऱ्यास देहान्ताची शिक्षा होती. 1853 मध्ये अमेरिकी नौदलाचा अधिकारी पेरी आपल्या युद्धनौका घेऊन आल्यावर आणि 1858 च्या तहांनी काही बंदरे परकीयांना खुली झाल्यावरही या दोन्ही बंद्या लगेच उठल्या नाहीत. 1868 मध्ये शोगुनशाही कोसळून सम्राट मेइजी यांचे नवे शासन आले, पण त्यानेही जुन्या बंदीचे फलक गावोगावी कायम ठेवले आणि नागासाकीजवळच्या उराकामी येथे पिढ्यान्‌पिढ्या गुप्तपणे ख्रिस्ती धर्म पाळत आलेल्या तीन हजारांहून अधिक गावकऱ्यांना दूरच्या प्रांतांत हद्दपार केले. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या नाराजीमुळे ते फलक फेब्रुवारी 1873 मध्ये काढले गेले. फलक गेले म्हणजे धर्मस्वातंत्र्य मिळाले असा त्याचा अर्थ नव्हता. ते पुढे 1889 च्या संविधानाने आणि तेही मर्यादा घालूनच दिले. नीजिमा परतले आणि त्यांनी शाळा काढली ती या दोन तारखांच्या मधल्या काळात, जेव्हा ख्रिस्ती असणे गुन्हा राहिला नव्हता आणि हक्कही झाला नव्हता.

नीजिमा यांचा जन्म 12 फेब्रुवारी 1843 रोजी एदो येथे, म्हणजे आजच्या तोक्योत, आन्नाका या लहानशा संस्थानाच्या वाड्यात झाला. वडील तामिजी हे संस्थानिक इताकुरा यांच्या पदरी लेखनिकाचे काम करणारे खालच्या दर्जाचे सामुराई होते आणि मुलानेही तीच चाकरी पुढे चालवावी, अशी घरची अपेक्षा होती. मुलाने मात्र डच भाषेतून येणाऱ्या पाश्चात्त्य विद्येचा अभ्यास धरला, शोगुनांच्या नौदल प्रशिक्षण शाळेत गणित आणि नौकानयन शिकले आणि हाती येतील ती चिनी पुस्तके वाचली. एलायजा ब्रिजमन या अमेरिकी मिशनऱ्याने चिनीत लिहिलेला संयुक्त संस्थानांचा परिचयग्रंथ त्यांपैकी एक होता. लोकांनी निवडलेला अध्यक्ष, सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा, गरिबांसाठीच्या संस्था यांचे त्यातील वर्णन वाचून आपले मन हेलावून गेल्याचे नीजिमा यांनी पुढे स्वतः नोंदवले आहे. चिनी भाषेतील संक्षिप्त बायबलकथाही याच काळात त्यांच्या वाचनात आल्या. त्यांच्या मनात राज्यव्यवस्थेविषयीचे कुतूहल आणि धर्माविषयीचे कुतूहल एकाच वेळी आणि एकाच प्रकारच्या पुस्तकांतून जागे झाले, ही बाब त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना नजरेआड करून चालत नाही.

1864 च्या वसंतात ते उत्तरेकडील हाकोदाते या खुल्या बंदरात गेले. तेथे रशियन वकिलातीचे धर्मगुरू निकोलाय, जे पुढे जपानमधील ऑर्थोडॉक्स चर्चचे संस्थापक ठरले, त्यांना जपानी शिकवण्याच्या निमित्ताने नीजिमा त्यांच्याच घरी राहिले. एका ब्रिटिश व्यापाऱ्याकडे काम करणाऱ्या जपानी कारकुनाच्या मदतीने जुलै 1864 मध्ये रात्रीच्या अंधारात ते ‘बर्लिन’ या अमेरिकी जहाजावर चढले. कॅप्टन सेव्हरी यांनी त्यांना शांघायपर्यंत नेले आणि तेथून ‘वाइल्ड रोव्हर’ या दुसऱ्या जहाजाच्या कॅप्टन टेलर यांच्याकडे सोपवले. टेलर यांनी त्यांना ‘जो’ अशी हाक मारण्यास सुरुवात केली आणि तेच नाव पुढे त्यांनी स्वतःचे म्हणून स्वीकारले. वाटखर्च चाकरीतून फेडत चीनच्या किनाऱ्यावर काही महिने काढताना त्यांनी आपली आखूड तलवार कॅप्टनला विकली आणि त्या पैशातून हाँगकाँगमध्ये चिनी भाषेतील नव्या कराराची प्रत विकत घेतली. सामुराईच्या कमरेच्या दोन तलवारी म्हणजे त्याच्या दर्जाची खूण, हे ध्यानात घेतले तर या व्यवहारातील निर्णय किती मोठा होता, ते कळते.

जहाज जुलै 1865 मध्ये बोस्टनला पोहोचले. त्याचे मालक अल्फियस हार्डी हे सधन व्यापारी होते आणि ‘अमेरिकन बोर्ड ऑफ कमिशनर्स फॉर फॉरेन मिशन्स’ या संस्थेच्या कार्यकारी समितीतील वजनदार सदस्यही होते. देश का सोडला याचे नीजिमा यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेले निवेदन वाचून हार्डी दांपत्याने त्यांच्या शिक्षणाचा सारा भार उचलला आणि त्यांना घरातल्यासारखे वागवले.

या अमेरिकन बोर्डाचे नाव महाराष्ट्राला परके नाही. 1810 मध्ये न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल पंथीयांनी, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण चालवावा असे मानणाऱ्या प्रॉटेस्टंटांनी, पुढाकार घेऊन ती स्थापन केली. तिच्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले, आणि त्यांच्यापासून सुरू झालेले अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे रुजले. 1842 मध्ये निघालेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक याच मिशनचे. सिंथिया फरार यांच्या अहमदनगरमधील मुलींच्या शाळांपासून जोतीराव फुले यांनी प्रेरणा घेतली त्याही याच मिशनच्या शाळा होत्या, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तोही याच मिशनच्या मंडळीत. नीजिमा यांनी तरुणपणी ज्यांचा ग्रंथ वाचला, ते ब्रिजमनही याच बोर्डाचे चीनमधील पहिले मिशनरी होते. मुंबई, अहमदनगर, कँटन आणि क्योतो येथील कामासाठी पैसा मंजूर करणारी समिती एकच होती.

या समितीचे शिक्षणाविषयीचे धोरण काय होते, हे मराठी मिशनच्या इतिहासातूनच सर्वांत स्पष्ट दिसते. बोर्डाचे प्रभावी सचिव रूफस अँडरसन यांचे मत असे होते की, मिशनने स्थानिक मंडळी स्वावलंबी करून बाजूला व्हावे. त्यासाठी स्थानिक भाषेत शिकलेले देशी पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मोपदेशक, तयार करणे पुरेसे आहे, आणि इंग्रजीतून दिलेले उच्च शिक्षण तरुणांना मंडळीपासून दूर नोकरीपेशाकडे नेते. 1854-55 मध्ये ते स्वतः भारतात आले आणि त्यानंतर मराठी मिशनमधील इंग्रजी शिक्षणाला कात्री लागली. या धोरणात सद्‌हेतू होता आणि परदेशी मिशनरी कायमचा मालक होऊ नये, ही त्यातील दृष्टी त्या काळी दुर्मीळ होती. तरीही देशी माणसाला किती शिक्षण पुरेसे, हे ठरवण्याचा अधिकार त्यात बोस्टनकडेच राहत होता. अँडरसन 1866 मध्ये निवृत्त झाले, परंतु पाळक घडवणारी प्रशिक्षणशाळा हेच मिशनच्या शिक्षणाचे उचित रूप, ही समजूत बोर्डात पुढेही टिकली आणि नीजिमा यांना तिच्याशीच आयुष्यभर वाटाघाट करावी लागली.

अमेरिकेतील शिक्षणाची वाटचाल थोडक्यात सांगता येते. अँडोव्हरच्या फिलिप्स अकॅडमीत दोन वर्षे, 1866 च्या अखेरीस बाप्तिस्मा, 1867 ते 1870 अ‍ॅम्हर्स्ट महाविद्यालय आणि त्यानंतर अँडोव्हरचे धर्मशास्त्र विद्यालय असा तो क्रम होता. पाश्चात्त्य महाविद्यालयाची पदवी मिळवणारे पहिले जपानी म्हणून सर्वसाधारणपणे त्यांचाच उल्लेख होतो. अ‍ॅम्हर्स्टमध्ये त्यांनी घेतलेली पदवी विज्ञानाची होती. भूगर्भशास्त्र, रसायन आणि गणित यांत रमणारा हा विद्यार्थी धर्मशास्त्राकडे वळला, तेव्हा त्याने विज्ञान मागे टाकले नाही, हे पुढे दोशिशाच्या घडणीत दिसून येते.

त्यांच्या परतीची वाट सुकर झाली ती 1872 मधील एका सरकारी कामामुळे. नव्या मेइजी शासनाने इवाकुरा तोमोमी यांच्या नेतृत्वाखाली मंत्र्यांचे आणि अधिकाऱ्यांचे मोठे शिष्टमंडळ अमेरिका आणि युरोपच्या दौऱ्यावर पाठवले होते आणि त्यातील शिक्षणविषयक अधिकारी तानाका फुजिमारो यांना दुभाष्याची गरज होती. वॉशिंग्टनमधील जपानी प्रतिनिधी मोरी आरिनोरी यांनी नीजिमा यांना रीतसर पासपोर्ट आधीच मिळवून दिला होता. मोरी त्यांचा अमेरिकेतील शिक्षणखर्च सरकारतर्फे फेडून देण्यास तयार होते, पण नीजिमा यांनी ते नाकारले. आपण सरकारी विद्यार्थी नसून मोबदला घेऊन काम करणारे स्वतंत्र गृहस्थ आहोत, ही अट मान्य करून घेतल्यावरच त्यांनी तानाका यांच्याबरोबर युरोपभर फिरून शाळा, विद्यापीठे, अंधशाळा आणि तुरुंग पाहिले. या पाहणीचा जो अहवाल पुढे जपानच्या शिक्षण खात्याने प्रसिद्ध केला, त्याच्या मसुद्यात नीजिमा यांचा मोठा वाटा होता. याच दौऱ्यात किदो ताकायोशी या थोर नेत्याशी त्यांचा स्नेह जुळला. सरकारचे ऋण न घेता सरकारमधील माणसांचा विश्वास मिळवणे हे या वर्षांचे खरे फळ होते. परतल्यावर शिक्षण खात्यातील पद देऊ करण्यात आले असता ते त्यांनी नाकारले, तरी तानाका आणि किदो या दोघांचा विश्वास ऐन गरजेच्या वेळी उपयोगी पडला.

सप्टेंबर 1874 मध्ये बोस्टन येथे त्यांची पाळक म्हणून दीक्षा झाली आणि अमेरिकन बोर्डाने त्यांना जपान मिशनचे सहकारी म्हणून नेमले. 9 ऑक्टोबर रोजी व्हर्मांट राज्यातील रटलंड या गावी बोर्डाच्या वार्षिक सभेत निरोपाचे चार शब्द बोलण्यासाठी त्यांना उभे करण्यात आले, तेव्हा त्यांनी ठरलेला निरोप बाजूला ठेवून जपानमध्ये ख्रिस्ती महाविद्यालय काढण्यासाठी पैसा मागितला आणि तो मिळाल्याशिवाय परत जाणार नाही, असे सांगितले. चीनमध्ये वैद्यकीय मिशनरी म्हणून काम केलेले पीटर पार्कर यांनी पहिले एक हजार डॉलर जाहीर केले आणि सभा संपेपर्यंत सुमारे पाच हजार डॉलरची वचने जमली. एका गरीब शेतकऱ्याने घरी परतण्याच्या रेल्वेभाड्याचे दोन डॉलर दिले, ही आठवण नीजिमा पुढे वारंवार सांगत. नीजिमा यांनी मागितले होते महाविद्यालय. बोर्डाच्या कल्पनेत होती ती प्रशिक्षणशाळा. या दोन शब्दांमधले अंतर त्या दिवशी कोणी मोजले नाही.

26 नोव्हेंबर 1874 रोजी ते योकोहामाला उतरले आणि प्रथम आन्नाकाला आईवडिलांना भेटण्यास गेले. तेथील काही आठवड्यांच्या मुक्कामात त्यांनी दिलेल्या व्याख्यानांचे फळ 1878 मध्ये दिसले, जेव्हा युआसा जिरो या स्थानिक व्यापाऱ्याच्या पुढाकाराने तीस जणांची मंडळी तेथे स्थापन झाली. कोणत्याही परदेशी मिशनऱ्याच्या आश्रयाशिवाय स्वतःच्या खर्चाने चालणारी ही मंडळी पाहिली असती, तर अँडरसन यांना समाधान वाटले असते. युआसा पुढे गुन्मा प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि परवानाप्राप्त वेश्याव्यवसाय बंद करण्याच्या तेथील चळवळीत अग्रभागी राहिले.

शाळेसाठी पहिली निवड ओसाकाची होती, कारण तेथे मिशनचे ठाणे होते. तेथील राज्यपालांनी परदेशी मिशनऱ्यांना शिक्षक म्हणून मान्यता देण्याचे नाकारल्यावर नीजिमा क्योतोकडे वळले. बौद्ध धर्माच्या अनेक पंथांची मुख्य मंदिरे असलेले आणि हजार वर्षे सम्राटांची राजधानी राहिलेले हे शहर ख्रिस्ती शाळेला सर्वांत प्रतिकूल असायला हवे होते. परंतु 1869 मध्ये सम्राट तोक्योला गेल्यापासून क्योतोची रया गेली होती. तिला सावरण्यासाठी तेथील प्रशासनाने नव्या शाळा, कारखाने आणि औद्योगिक प्रदर्शने यांवर भर दिला होता आणि पाश्चात्त्य शिक्षकांची त्याला गरजच होती.

या धोरणामागील विचारवंत यामामोतो काकुमा हे प्रशासनाचे सल्लागार होते. ते आइझु संस्थानाचे सामुराई. 1868 च्या यादवीत विजयी ठरलेल्या सात्सुमा पक्षाने त्यांना कैदेत टाकले होते, त्यांची दृष्टी गेली होती आणि पायांनी चालणेही अशक्य झाले होते. कैदेतच त्यांनी दुसऱ्याकडून लिहवून घेतलेल्या निवेदनात संसदेपासून स्त्रीशिक्षणापर्यंत अनेक सुधारणा सुचवल्या होत्या. अमेरिकन बोर्डाचे मिशनरी गॉर्डन यांनी दिलेला ख्रिस्ती धर्मतत्त्वांवरील एक चिनी ग्रंथ त्यांनी वाचून घेतला होता आणि आपण जे शोधत होतो ते यात आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. सम्राटाच्या जुन्या राजवाड्याच्या उत्तरेला, सात्सुमाच्या पूर्वीच्या वाड्याची सुमारे 5,800 त्सुबो जमीन त्यांच्या मालकीची होती. त्सुबो हे जपानी क्षेत्रमाप साधारण 3.3 चौरस मीटरचे, म्हणजे ही जागा पावणेपाच एकरांच्या आसपास भरते. ती त्यांनी 500 येनला नीजिमा यांना दिली. ज्या पक्षाने त्यांना बंदिवान केले होते, त्याच पक्षाच्या वाड्याची ती भूमी होती.

या ठिकाणी परतलेल्या स्थलांतरिताचे महत्त्व कायद्याच्या भाषेत स्पष्ट होते. तहांच्या तरतुदींनुसार परकीयांना ठरावीक बंदरांबाहेर राहता येत नसे, जमीन विकत घेणे तर दूरच. अमेरिकन बोर्डाकडे पैसा होता, माणसे होती, पण क्योतोत वीतभर जमीन घेण्याचा अधिकार नव्हता. नीजिमा आणि यामामोतो या दोन जपानी नागरिकांनी ‘दोशिशा’ नावाची मंडळी स्थापन केली, तिच्या नावाने शाळेचा परवाना मागितला आणि परदेशी शिक्षकांना तिचे नोकर म्हणून नेमले. नोकर म्हणूनच त्यांना क्योतोत राहण्याची परवानगी मिळाली. अमेरिकी यादवी युद्धात लढलेले आणि नंतर मिशनरी झालेले जेरोम डेव्हिस हे असे पहिले ‘नोकर’ होते. हा निव्वळ कागदी उपाय आहे आणि खरी सत्ता मिशनकडे आहे, असा संशय सरकारी अधिकाऱ्यांना अनेक वर्षे वाटत राहिला. उलट आपला पैसा ज्यावर आपला ताबा नाही अशा मालमत्तेत जात आहे, अशी काळजी मिशनला वाटत राहिली. दोन्ही शंका निराधार नव्हत्या आणि त्या दोहोंना तोंड देण्यासाठी नीजिमा यांच्याजवळ स्वतःच्या शब्दाखेरीज दुसरे तारण नव्हते.

क्योतोतील भिक्षूंनी आणि मंदिरप्रमुखांनी सभा घेतल्या, अर्ज केले आणि परवाना रद्द करण्याची मागणी केली. राज्यपाल माकिमुरा हे किदो यांच्या मर्जीतले असल्याने आरंभी अनुकूल होते, पण या दडपणाखाली ते कचरू लागले. शेवटी शाळेत तूर्त बायबल शिकवणार नाही, असे वचन नीजिमा यांना द्यावे लागले. ख्रिस्ती शाळा काढण्यासाठी समुद्र ओलांडून आलेल्या माणसाने शाळेच्या पहिल्याच दिवशी बायबल वर्गाबाहेर ठेवले, याचे डेव्हिस यांच्यासह मिशनऱ्यांना दुःख झाले आणि काहींनी त्यास दुबळेपणा मानले. हा आक्षेप पटण्यासारखा नाही. बायबलचा पाठ शाळेच्या इमारतीऐवजी नीजिमा यांच्या घरी होऊ लागला आणि धर्मशिक्षणाची सक्ती नसलेली शाळा ही दोशिशाची पहिली ओळख ठरली. भाड्याच्या घरात आठ विद्यार्थी आणि दोन शिक्षक यांसह तिचे काम सुरू झाले. जानेवारी 1876 मध्ये नीजिमा यांनी यामामोतो यांची बहीण याए हिच्याशी विवाह केला. आठ वर्षांपूर्वी आइझुच्या वेढ्यात हाती बंदूक घेऊन लढलेल्या याए यांना ख्रिस्ती माणसाशी वाङ्‌निश्चय केल्यामुळे सरकारी स्त्रीशाळेतील नोकरी गमवावी लागली होती. मुलींच्या शाळेचे काम मिशनच्या अ‍ॅलिस स्टार्कवेदर यांनी लवकरच सुरू केले आणि याए त्यात शिकवू लागल्या.

याच वर्षी दोशिशाचे स्वरूप पालटले. दक्षिणेकडील कुमामोतो येथे अमेरिकी तोफखान्यातील माजी अधिकारी लिरॉय जेन्स हे सर्व विषय इंग्रजीतून शिकवत. त्यांच्या प्रभावाने तीसहून अधिक विद्यार्थ्यांनी 30 जानेवारी 1876 रोजी हानाओका टेकडीवर जमून ख्रिस्ती धर्माच्या आधारे देशसेवा करण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. घरच्यांनी काहींना कोंडून ठेवले, शाळा बंद झाली आणि यांतील बरेच जण क्योतोला आले. कोझाकी हिरोमिची, एबिना दान्जो, योकोई तोकिओ, मियागावा त्सुनेतेरू ही जपानी प्रॉटेस्टंट इतिहासातील मोठी नावे या गटातली. जून 1879 मध्ये पदवी घेणारे दोशिशाचे पहिले पंधराही विद्यार्थी यांतलेच. शिक्षकांपेक्षा आपल्याला अधिक येते, असे वाटणाऱ्या या तरुणांनी अभ्यासक्रमावर उघड टीका केली आणि नीजिमा यांनी ती ऐकून घेऊन बदल केले.

13 एप्रिल 1880 चा प्रसंग दोशिशात आजही सांगितला जातो. दोन वर्ग एकत्र करण्याच्या शिक्षकांच्या निर्णयावरून एका वर्गाने शाळेवर बहिष्कार टाकला होता. नियमाप्रमाणे त्यांना शिक्षा होणे प्राप्त होते. सकाळच्या प्रार्थनेनंतर नीजिमा यांनी, हा दोष मुलांचा नाही, शिक्षकांचाही नाही, संस्थेचा प्रमुख या नात्याने माझा आहे, असे सांगून हातातील काठीने आपल्याच डाव्या तळव्यावर ती तुटेपर्यंत प्रहार केले. त्या काठीचे तुकडे संस्थेत जपून ठेवले आहेत. या प्रसंगाकडे केवळ भावुक दृष्टीने पाहण्याचे कारण नाही. जपानी सामुराई परंपरेत गुरू आणि स्वामी यांच्या आज्ञेचे पालन ही पहिली नीती होती, आणि मिशन शाळांतही शिस्त कडक असे. अधिकारावर असणाऱ्याने उत्तरदायित्व स्वतःकडे घेणे हे या दोन्ही वहिवाटींना धरून नव्हते. बहिष्काराच्या या काळात शाळा सोडून गेलेला एक विद्यार्थी, तोकुतोमी इइचिरो, पुढे ‘सोहो’ या नावाने जपानचा अग्रगण्य पत्रकार झाला आणि नीजिमा यांच्या अखेरच्या दशकातील सर्वांत उपयुक्त सहकारीही तोच ठरला.

1880 च्या दशकात नीजिमा यांचा सारा भर विद्यापीठावर होता. 1886 मध्ये सरकारने तोक्योतील विद्यापीठाला साम्राज्य विद्यापीठाचे रूप दिले आणि उच्च शिक्षणाचा हेतू राज्याच्या गरजा भागवणे हा आहे, असे कायद्यात लिहिले. नीजिमा यांना सरकारी विद्यापीठाशी वैर नव्हते. परंतु प्रत्येक विद्वान माणूस सरकारच्या साच्यातून निघू लागला, तर स्वतःचा कारभार स्वतः चालवणारी प्रजा कोठून येणार, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या मते विद्येला सद्सद्विवेकाची जोड हवी आणि तो विवेक ख्रिस्ती शिकवणीतून जागा होतो. मात्र विद्यापीठाचे काम पाळक घडवणे नसून कायदा, अर्थशास्त्र, वैद्यक, विज्ञान आणि साहित्य या सर्वच क्षेत्रांत विवेकी माणसे घडवणे हे आहे. अमेरिकन बोर्डाला हे पूर्णतः मान्य होणे शक्य नव्हते. म्हणून नीजिमा यांनी पैशासाठी स्वतःच्या देशबांधवांकडे हात पसरला. एप्रिल 1888 मध्ये क्योतोतील चिओन-इन या जोदो पंथाच्या मुख्य मंदिराच्या सभागृहात विद्यापीठासाठी सहाशेहून अधिक प्रतिष्ठित नागरिकांची सभा झाली. ज्या शहरातील मंदिरांनी तेरा वर्षांपूर्वी शाळेविरुद्ध अर्ज केले होते, त्याच शहरातील हे मंदिर होते. जुलैमध्ये तोक्यो येथे इनोउए काओरू, ओकुमा शिगेनोबू हे मंत्री आणि शिबुसावा एइइची, इवासाकी यांसारखे उद्योगपती यांच्याकडून एकूण 31,000 येनची वचने मिळाली. यांतील बहुतेक जण ख्रिस्ती नव्हते. नोव्हेंबरमध्ये विद्यापीठाच्या हेतूंचे निवेदन तोकुतोमी यांच्या लेखणीतून देशभरच्या वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. अमेरिकेतून आलेली या काळातील सर्वांत मोठी देणगी कनेटिकट राज्यातील जोनाथन हॅरिस यांची होती, आणि तीही वैयक्तिक : एक लाख डॉलर, विज्ञान विद्यालयासाठी.

याच सुमारास पंडिता रमाबाई अमेरिकेहून परतत होत्या आणि वाटेत जपानमध्येही थांबल्या होत्या. बोस्टनमध्ये डिसेंबर 1887 मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर त्यांनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. बाप्तिस्मा घेतलेली स्त्री, बोस्टनचा पैसा, मायदेशातील शाळा आणि धर्मशिक्षणाची सक्ती न करण्याचे वचन, ही सारी रचना दोशिशाशी जुळणारी होती, आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हिंदू सुधारकांनी सल्लागार होऊन जी साथ दिली, तीत यामामोतो आणि किदो यांच्या साथीची छाया दिसते. फरक होता तो राजसत्तेचा. मुंबईत ब्रिटिश राज्य होते आणि ख्रिस्ती शाळा काढण्यास कोणाची परवानगी काढण्याची गरज नव्हती. त्यामुळे वचनाचे महत्त्व केवळ समाजाच्या विश्वासापुरते राहिले आणि 1893 मध्ये काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्याच्या वादातून तो विश्वास तुटला, सल्लागारांनी राजीनामे दिले. क्योतोत तेच वचन एका सार्वभौम राज्याच्या परवान्याशी बांधलेले होते. हिंदू सुधारकांचा पाठिंबा गमावूनही रमाबाई पुढे मुक्तिसदन उभारू शकल्या, हे त्यांचे सामर्थ्य. नीजिमा यांना मात्र स्थानिकांची साथ सुटल्यावर एक दिवसही शाळा चालवता आली नसती.

विद्यापीठासाठी फिरत असतानाच नीजिमा यांचे हृदय दुबळे झाले होते. 1884 मध्ये स्वित्झर्लंडमधील सेंट गॉटहार्ड घाटात एकदा त्यांनी मृत्यू आला असे समजून मृत्युपत्रही लिहिले होते. 1889 च्या अखेरीस ते निधीसाठी गुन्माकडे गेले, तेथे आजारी पडले आणि 23 जानेवारी 1890 रोजी समुद्रकाठच्या ओइसो गावातील एका खाणावळीत उदरपोकळीच्या दाहाने, वयाच्या 46 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तोकुतोमी यांनी लिहून घेतलेल्या अखेरच्या सूचनांत त्यांनी विद्यार्थ्यांशी आदराने वागावे, चाकोरीत न बसणाऱ्या स्वतंत्र वृत्तीच्या मुलांना दडपू नये, संस्था वाढली की ती यंत्रासारखी चालू लागते त्यापासून सावध राहावे, आणि जपानी व परदेशी शिक्षकांत स्नेह राखावा, असे सांगितले होते.

यांतील शेवटची सूचना सर्वांत आधी मोडली. जपानी विश्वस्त आणि मिशन यांच्यातील तणाव वाढत जाऊन 1896 मध्ये दोशिशाने अमेरिकन बोर्डाची मदत नाकारली. 1898 मध्ये विश्वस्तांनी, विद्यार्थ्यांना लष्करभरतीतून मिळणारी सवलत आणि सरकारी शाळांत प्रवेश मिळावा म्हणून, शाळेच्या घटनेतील ख्रिस्ती पायाविषयीचे कलम बदलण्याचा निर्णय घेतला. हा पैसा ख्रिस्ती शिक्षणासाठी दिला होता, असे बोर्डाने ठणकावून सांगितले आणि वाद इतका चिघळला की, नीजिमा यांचेच शिष्य असलेल्या अध्यक्षांना आणि विश्वस्तांना पायउतार व्हावे लागले व कलम परत आले. या वादात बोर्डाची बाजू न्याय्य होती, असे म्हणावे लागते, कारण रटलंडच्या सभेतील देणगीदारांना शब्द दिला होता तो नीजिमा यांनी. तरीही विश्वस्तांची अडचण खोटी नव्हती : ऑगस्ट 1899 मध्ये शिक्षण खात्याने 12 क्रमांकाचा आदेश काढून सरकारमान्य शाळांत धर्मशिक्षण आणि धार्मिक विधी यांस मनाई केली, तेव्हा देशभरच्या ख्रिस्ती शाळांसमोर मान्यता की प्रार्थना, हा पेच उभा राहिला. 1875 मध्ये नीजिमा यांनी जे वचन देऊन वेळ मिळवला होता, तोच प्रश्न चोवीस वर्षांनी पुन्हा आला, आणि या वेळी तो सोडवायला दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला माणूस नव्हता.

विज्ञान विद्यालय काही वर्षांत विद्यार्थ्यांअभावी बंद पडले. पण दोशिशातून जे बाहेर पडले, त्यांत समाजवादी नेते आबे इसोओ, अपराधी मुलांसाठी 1899 मध्ये तोक्योत गृहशाळा काढणारे तोमेओका कोसुके आणि जपानमधील साल्व्हेशन आर्मीचे प्रमुख यामामुरो गुन्पेइ यांचा समावेश होता. पाळकांच्या बरोबरीने समाजाच्या इतर अंगांत काम करणारी ही माणसे नीजिमा यांना अभिप्रेत असलेल्या शिक्षणाची खरी साक्ष आहेत. 1912 मध्ये विशेष विद्यालयांच्या कायद्याखाली दोशिशाला विद्यापीठ हे नाव मिळाले, आणि 1918 च्या विद्यापीठ कायद्याने खासगी संस्थांना पूर्ण विद्यापीठाचा दर्जा देण्याची वाट मोकळी केल्यावर 1920 मध्ये तो दर्जाही मिळाला. सात्सुमाच्या वाड्याच्या जागेवर, त्या पावणेपाच एकरांभोवती, आज विद्यापीठाचे इमादेगावा आवार आहे आणि 1886 चे विटांचे प्रार्थनागृह तेथेच वापरात आहे.